चौकातली अल्का

हार्दिक अभिनंदन!
कु. अल्का यादोराव शहारे
यांची सार्वजनिक आंतरराष्ट्रीय कायद्याच्या
उच्च शिक्षणासाठी नेदरलँडला निवड

अर्जुनी मोरगावच्या स्टँडवर अल्का एसटीतून उतरली आणि समोर चौकात बॅनरवर ती स्वतःच — घराएवढी उंच, गालांवर गुलाबी रंग चढवलेली. शिडीवर चढून कुणीतरी तिच्या कानाजवळची दोरी आवळत होतं.

रत्नपाल. कॉलेजात मागच्या बाकावर बसायचा. आता बॅनर छापतो.

"थांब... कोणं सांगतलं छापायले?"

"तुह्या बाबानं. उद्या विहारात सत्कार हाय म्हणे."

अल्काला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मागच्या आठवड्यात तिनं अर्ज पाठवला, तेव्हा संगणकाच्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत 'काँग्रॅच्युलेशन्स' उमटलं होतं. अर्ज पोचला, एवढंच. मागे उभ्या बाबांनी तो एकच शब्द वाचला. त्यांचे डोळे भरून आले, आणि —

आणि ती गप्प राहिली. उद्या सांगू. परवा सांगू.

"रत्नपाल, निवड नाई झाली. नुसता अर्ज केला हाय."

"ठाऊक हाय मले."

"काय?"

"मोबाईलवर पाहून घेतलो. निकाल उन्हाळ्यात लागते."

"मंग काऊन छापला?"

तो दोरीच्या गाठीशी चाळा करत राहिला. कान लालबुंद. "तुहा फोटो हातात आला. म्हटलं... दोन दिवस माह्या दुकानासमोर राहील."

"अन् गालाले गुलाबी?"

"ते मशीननं केलं."

"खोटारडा."

"तू कोणती खरी हायेस?"

तिचं हसू ओठांतच विरलं.

तेवढ्यात यादोरावांची सायकल आली. हँडलला पेढ्यांची पिशवी. आता नाही तर कधीच नाही... अल्कानं सांगितलं. सगळं, भर चौकात, स्वतःच्याच चेहऱ्याखाली उभं राहून.

बाबा बॅनरकडे बघत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं.

"लोकायले मी काय सांगू?"

"मीच सांगीन, बाबा. विहारात. सगळ्यायसमोर."

"सांगजो," ते म्हणाले. सायकलवर बसले नाहीत. हातात धरून चालत गेले.

बॅनर उतरला. एक टोक तिच्याकडे, एक त्याच्याकडे. घडी घालायची तर जवळ यावं लागतं. एक घडी. दुसरी...

"झालं तर जाशील?"

"जाईन."

"नाई झालं तर?"

"पुढच्या साली पुन्हा अर्ज करीन."

"म्हणजे जाशीलच."

"हो."

शेवटच्या घडीला बोटं बोटांना लागली. कुणीच हात मागे घेतला नाही. बाबांची लाज होती, गावाची होती. त्यात आता ही एक नवी, गालांपर्यंत चढत जाणारी. तरी तिनं विचारलंच —

"मी परत येईपर्यंत... थांबशील?"

घडी पूर्ण झाली होती, तरी रत्नपालनं ती सोडली नव्हती.