वहिनीची बाटली

प्रयोगशाळेत दुपारचे दोन वाजले होते. चारच्या आत रक्ततपासणीची चिप पास झाली, तर वारलेल्या वहिनीची जागा नणंदेला कायमची मिळणार होती. मग रात्रपाळी सुटणार, लेकीला शेजाऱ्यांच्या दारात ताटकळावं लागणार नव्हतं.

नेमके आजच तिचे मणी बिघडले. हे मणी लोहाचे, धुळीहून बारीक. चिपवर त्यांचा थेंब टाकून खाली चुंबक सरकवला, की ते आपोआप खळग्यांत ओळीनं बसतात. मग रक्ताचा थेंब. रक्तात आजार असेल तर खळगे काळे पडतात.

गेलेल्या माणसाची बाटली वापरायची नाही, असा तिथला दंडक. काही चुकलं तर विचारणार कुणाला? पण फ्रीजमध्ये वहिनीची शेवटची बाटली तशीच होती. दोघींमध्ये विस्तव जात नसे. शेवटच्या दुखण्यातही वहिनी म्हणाली होती, "माझ्या कामाला हात लाव, मग बघ."

नणंदेनं बाटली उघडली.

मणी झरझर बसले. तपासायला सगळेच करत, तसं तिनं स्वतःचं बोट टोचलं.

सगळे खळगे काळे. वहिनी याच आजारानं गेली होती.

"बघत काय बसलीस? सरक," प्रयोगशाळेच्या मुख्य बाई म्हणाल्या. त्यांनी त्याच बाटलीतले मणी नव्या चिपवर बसवून आपलं रक्त टाकलं. खळगे स्वच्छ. "काम चोख आहे. जागा तुझी." मग हळूच, "तू मात्र... तपासून घे."

दुसऱ्या दिवशी दवाखान्याचा कागद आला. आजार नाही! तिनं वहिनीची बाटली मोरीत ओतली, स्वतः ताजे बनवलेले मणी घेतले आणि खात्रीसाठी नव्या चिपवर टाकले. रक्त नाही. चुंबकही नाही.

सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर मणी हलले. तिच्या बाजूच्या कडेला येऊन ओळीनं उभे राहिले. तिनं खुर्ची डावीकडे सरकवली. ओळ डावीकडे सरकली.

"वहिनी... चुकले मी," ती पुटपुटली.

ओळ थबकली. मग सावकाश वळली आणि दाराच्या दिशेनं निघाली.

"आई! शाळा लवकर सुटली," दारातून लेक म्हणाली. "तुझी नवी खुर्ची बघू?"

"आत येऊ नकोस..."

"असं काय गं? एकदाच!" लेकीनं उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं.

चिपवर रक्ताचा टिपूसही नव्हता. तरी पहिला खळगा काळा झाला.

लेक हसत आणखी एक पाऊल पुढे आली.