गोड बंद

बुवांनी शेवटचा गजर धरला, तशा छावणीतल्या गाईसुद्धा कान टवकारून उभ्या राहिल्या. त्या दुष्काळात केजजवळच्या चारा छावणीत रोज संध्याकाळी कीर्तन व्हायचं. पाण्याचा टँकर चुकायचा, पण टाळ कधी चुकला नाही.

आरती झाली. वडिलांच्या गाई बघायला आलेली उर्मिला शिरा वाढत होती. एका थकल्या हातावर तिनं द्रोण ठेवला... अन् मागून दुसऱ्या हातानं तो अलगद उचलून तिला परत केला.

"आईला गोड बंद हाय."

"प्रसाद परत करता?" तिनं मान वर केली. समोर दूध संस्थेतला उत्तरेश्वर. कपाळावर बुक्का, डोळे ओले. रागवावं की बघत राहावं, तिला ठरवता येईना.

"देव समजून घेईल."

"देव घेईल हो. मी का म्हणून घेऊ?"

तो हसला. त्याच्या आईची, कौशल्याबाईंची नजर मात्र द्रोणावरून हलेना. लुगडं अंगावर नुसतं टांगल्यासारखं दिसत होतं.

मांडवाबाहेर येऊन तो हळूच बोलला. "आईला कॅन्सर हाय. तपासणीत सुईतून साखरेसारखं औषध दिलं, तर गाठ पडद्यावर दिव्यावानी पेटली. मी सोताच्या डोळ्यांनी पाह्यलं. मग गोड बंद केलं, भात बंद केला, भाकर अर्धी केली. आता डॉक्टर म्हणतेत, वजन आनखी उतरलं तर पुढची केमो देता येनार न्हाई..."

उर्मिला पुण्यात पेशींवरच संशोधन करत होती.

"गाठ साखर ओढते, हे खरंय. तुमचं दूध आंबतं ना? त्यातले जंतू साखरेचं आम्ल करतात. गाठीतल्या पेशीही हवा असून साखर पुरती जाळत नाहीत, भराभर ओढून तसलंच आम्ल बाहेर टाकतात. वाढायची घाई असते त्यांना. गर्भातल्या कोवळ्या पेशींचंही बरंचसं असंच."

"मग माझं चुकलं कुठं?"

"आईंनी खाल्लं नाही तरी रक्तातली साखर संपत नाही. शरीर आपलंच मांस झिजवून ती तयार करतं. गाठ उपाशी राहत नाही हो... आई राहतात."

त्यांच्या मागोमाग मांडवाबाहेर आलेल्या कौशल्याबाई म्हणाल्या, "ऐकलंस का उत्तऱ्या? पोटात व्हतास तवा तू बी असंच वढून घेत व्हतास. तवा कुनी माझं गोड बंद केलं न्हाई!"

दुसऱ्याच दिवशी त्यानं डॉक्टरांना विचारलं. त्यांनी कपाळाला हात लावला, पोटभर जेवायला सांगितलं. मग उर्मिला रोज छावणीतल्या त्यांच्या खोपीत कौशल्याबाईंच्या पानाजवळ बसू लागली, आणि पाण्याचा तांब्या भरायला उत्तरेश्वरला दर घटकेला आत यावंसं वाटू लागलं.

"तांब्या गळका हाय का रं?" आई विचारायची. तो कानापर्यंत लाल व्हायचा.

सुट्टी संपली. उर्मिला केजच्या स्टँडवर पुण्याच्या गाडीत बसली, तेवढ्यात खिडकीखाली तो धापा टाकत आला.

"वजन भरलं! आज केमो दिली. आई दवाखान्यातच हाय, मावशी बसलीय जवळ."

तिनं डोळे मिटून विठ्ठलाचं नाव घेतलं. उघडले, तरी तो तिथंच उभा.

"अजून काही...?"

"आईनं तुमाला विचारायला सांगितलंय, की—"

"आईंनी? अन् तुम्हाला काही विचारायचं नाही?"

कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलली. तो खिडकीची दांडी धरून चालू लागला, आणि पहिल्यांदाच 'तुमी' विसरला.

"मला तू आवडतीस, उर्मिला. येशील आमच्या घरी?"

तिनं दांडीवरच्या त्याच्या बोटांवर आपला हात ठेवला.

"येईन. आधी हात सोड, पडशील."

त्यानं सोडला नाही.