अकरा काळे पडदे

सकाळी वाचनालय उघडलं आणि एकच बोंब झाली. बारापैकी अकरा जुन्या कॉम्प्युटरांचे पडदे काळे! चालू होता तो फक्त बारावा.

या म्हाताऱ्या मशीनवर स्वतःचं काही चालतच नव्हतं. आजपासून काम होणार होतं वरच्या मजल्यावरच्या सर्व्हरवर, म्हणजे मोठ्या कॉम्प्युटरवर; इथे फक्त त्याचं चित्र दिसणार होतं. त्यासाठी प्रत्येकाच्या नेटवर्क कार्डाला जुळणारा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा छोटा प्रोग्रॅम, लागतो. कालच्या तपासणीत बाराही पास झाले होते.

"काल शेवटी कोण बाहेर पडलं? वायरमन ना? मग त्यानेच केबल ओढल्या असणार," तपासणी विभागाच्या मॅडमनी फोनवरच सांगून टाकलं. उचलली जीभ लावली टाळ्याला! त्या पोचेपर्यंत ग्रंथपालांनी वीस वर्षं नोकरी केलेल्या वायरमनच्या हातात घरी बसायचं पत्र ठेवलंही होतं.

मॅडम टेबलाखाली वाकल्या. केबल सगळ्या धड होत्या. त्या चपापल्या.

"काका, काल काय पाहिलंत?" त्यांनी वायरमनला विचारलं.

"सगळ्या कॉम्प्युटरांचे डबे उघडे. तपासणीला आलेला तुमचा भाचा आत स्क्रू पिळत होता."

"ड्रायव्हर तपासायला डबा कशाला उघडायचा?"

"मला काय ठाऊक, मॅडम? मी आपला वायरवाला."

मॅडमनी कालच्या तपासणीचे बारा कागद मागवले. एकेक वाचून काढला. त्यांनी भाच्याला समोर उभं केलं.

"प्रत्येक कार्डाचा नंबर वेगळा असतो ना?"

"हो."

"मग बाराही कागदांवर एकच नंबर कसा?"

भाचा दाराकडे पाहू लागला.

"मी सांगते. चांगलं चालणारं एकच कार्ड तू बाराही मशीनमध्ये फिरवलंस. पास झालं की काढायचं, मूळचं कार्ड न तपासता परत बसवायचं. बाराव्यातून मात्र काढायचं विसरलास. म्हणून तेवढंच चालू आहे; बाकीच्यांच्या कार्डांना ड्रायव्हरच जुळत नाहीत."

"मावशी, बारा तऱ्हांची कार्डं! आठवडा लागला असता. तूच म्हणालीस, संध्याकाळपर्यंत कागद हवेत, माझं नाक कापू नकोस."

"सापडला चोर!" ग्रंथपाल म्हणाले.

"दोन आहेत," मॅडम म्हणाल्या. "बाराही कागदांवर सही माझी आहे. एकही वाचला नव्हता. आणि काकांवर आळ घेतला तोही मीच."

त्या वायरमनकडे वळल्या. शरमेने मान वर होईना. "काका, पत्र द्या, फाडून टाकते. घरी सांगा, काही झालं नाही म्हणून."

"घरी मघाशीच फोन केला, मॅडम," वायरमन म्हणाला. "बायकोने एवढंच विचारलं, का हो केलंत असं?"