लांब शिट्टी

डोंगरमाथ्यावरच्या सपाट सड्यावर एकट्या जांभळाला कॅप्टन बाईंनी निळा झेंडा बांधून ठेवला होता. माधवनगरच्या गाईड पथकातल्या सहा मुलींनी तो कुणा मोठ्याच्या मदतीशिवाय, दिवस मावळायच्या आत खाली आणायचा होता. आणला, तर त्यांची संघनायिका क्रांती हिला राज्य पुरस्काराच्या परीक्षेला बसता येणार. नाही, तर तिचं संघनायिकापद शाझियाकडे. बाईंनी हे दोघींसमोर सांगितलं आणि पायथ्याच्या वाडीत देवळाच्या कट्ट्यावर त्या बसून राहिल्या.

क्रांतीच्या गळ्यात पितळी शिट्टी होती. वडिलांची. हवालदार कृष्णात, तिचे अण्णा, गेल्या आषाढात वारले. त्यांच्या पेटीतून तिने तेवढी एकच वस्तू मागून घेतली होती. त्या शिट्टीवर तिने वर्षभर मुलींना घोटून घेतलं होतं. तुटक शिट्ट्या वाजल्या की हातातलं टाकून माझ्याकडे धावायचं. लांब वाजल्या की दूर पांगायचं. विचार करायचा नाही, धावायचं! सर्वांत आधी पोचायची ती सर्वांत लहान अर्फा.

"ही तर शिट्टीच्या आधीच पळती," शाझिया म्हणायची.

कोयनेचं पाणी खाली दूर चकाकत होतं. कारवीच्या दाटीतून वाट चढत होती. वाळलेल्या पानांचा वास, मधूनच एखाद्या झऱ्याची झुळझुळ, आणि वर, अगदी हाकेच्या अंतरावर, तो झेंडा फडफडताना दिसू लागला. शाझिया वाट बघायला पुढे गेली. बाकीच्या चौघी मागे झऱ्यावर बाटल्या भरत होत्या.

"आला गं झेंडा! तुझं पद वाचलं, बाई!" शाझिया वळून ओरडली. आणि तिथेच थबकली.

फुटलेल्या वारुळामागून एक काळा ढीग उठला. अस्वल! पाठीवर केसांना घट्ट धरून बसलेलं पिल्लू. पिल्लू गडगडत खाली उतरलं, आणि मादी मागच्या पायांवर उभी राहिली.

"पळू नको!" क्रांती किंचाळली. उशीर झाला होता; शाझिया पळत सुटली होती. एकाच फटक्यात शाझिया आडवी. पाठीवरची सॅक टरकन फाटली, भाकऱ्या उधळल्या. अस्वल तिच्यावर चढलं.

क्रांतीचा हात शिट्टीकडे गेला. तुटक, तुटक, तुटक!

शिट्टी ओठांत असतानाच तिला कळलं, आपण काय केलं. कारवी सळसळली. मुली येत होत्या, शिकवल्याप्रमाणे, जीव तोडून, थेट अस्वलाच्या तोंडात! अर्फा सर्वांत पुढे. अस्वलाने शाझियाला सोडलं, वळलं, आणि अर्फाच्या डोक्यावर पंजा मारला.

कातडं सोललं गेलं. पोरगी आवाजही न करता कोसळली.

क्रांतीने छातीतला सगळा वारा त्या पितळेत ओतला. लांब! पुन्हा लांब! पाठच्या तिघी जागीच वळल्या आणि उताराकडे उधळल्या. मग ती हातातली काठी घेऊन धावली. नाकावर मारली. अस्वल गुरकावलं, काठीचं टोक दातांत कडाडलं. तिच्या दंडातून रक्त उडालं. पुन्हा मारली. डोळ्याखाली! तेवढ्यात मागून दुसरी काठी बरसली.

"शाझिया, पांग! लांब वाजलीय!"

"ऐकली! मानली न्हाई!" रक्ताने भिजलेली शाझिया ओरडली. "हाण गं! नाकावर हाण!"

दोघी हाणत राहिल्या. पलीकडे पिल्लू केकाटलं. मादी एकदा दोघींकडे बघून फुत्कारली, पिल्लाकडे धावली आणि त्याला पाठीवर घेऊन कारवीत बुडाली.

अर्फाचे डोळे उघडे होते. क्रांतीने सुटलेलं कातडं जागेवर बसवलं, दोघींचे स्कार्फ घट्ट आवळले.

"शिट्टी वाजली म्हनून आले, ताई," अर्फा पुटपुटली.

क्रांतीने स्कार्फची गाठ आणखी आवळली.

"झेंडा हितंच हाय," शाझिया म्हणाली. "मी पळत जाऊन आणते. न्हाईतर तुझं पद जाईल गं."

"जाऊ दे. शर्ट काढ वरचा. झोळी करायची."

दोन काठ्या, दोन शर्ट. पांगलेल्या तिघी खाली खिंडीत सापडल्या. त्यांनी खांदे दिले. वाडीत पोचल्यावर बाईंनी झेंड्याचं नावही काढलं नाही. त्या जीप बोलवायला धावत सुटल्या.

कराडच्या दवाखान्यात अर्फाचं डोकं पांढऱ्या पट्ट्यांनी पागोट्यासारखं बांधलं होतं. क्रांतीने गळ्यातली शिट्टी काढून शाझियापुढे धरली.

"आता तुझी."

"पद दे. शिट्टी नगं," शाझिया म्हणाली. तिचा हात गळ्याशी बांधलेला होता. "ती तुझ्या अण्णांची हाय."

"झेंडा कुठंय?" खाटेवरून अर्फाने विचारलं.

"वरच."

"मग परत जायाचं. आनि शिट्टी ताईच वाजवनार."

"आजून धावशील तिच्या शिट्टीवर?" शाझियाने विचारलं.

अर्फा जरा विचारात पडली. क्रांतीने तिला असं थांबून विचार करताना आजवर कधी पाहिलं नव्हतं.

"आधी बगीन," ती म्हणाली. "मग धावीन."