टिटवीची थरथर

"गेला! कप गेला!" गुंजनचा धाकटा भाऊ हिमांशू ओरडला.

इंजिनाच्या पेटीवर ठेवलेला चहाचा कप थरथरत, सरकत, म्हाताऱ्या बदकासारखा एकेक पाऊल टाकत कडेपर्यंत आला आणि डुबुक करून नवेगावच्या तळ्यात बुडाला. दिवाळीच्या सुट्टीतला हा तिसरा कप!

"माय आता आपल्याले करवंटीत चहा देणार," गुंजन म्हणाली, पण तिला स्वतःलाच हसू आलं नाही. तळपायापासून दाढेपर्यंत सगळं अंग झणझणत होतं.

बोटीचं नाव टिटवी. प्रफुलकाका बारा वर्षं कोकणातल्या बोटींच्या कारखान्यात होता. गेल्या वर्षी तो गावी परतला, तो ट्रकवर ही शिडाची बोट घेऊनच. तिच्या पोटात छोटं डिझेल इंजिन. पाहुण्यांना इंजिनावर तळ्याच्या मध्यापर्यंत न्यायचं, मग इंजिन बंद करून शीड उभारायचं आणि हळूच दूरदेशीची बदकं दाखवायची, असा त्याचा बेत. पण उन्हाळा संपला तशी टिटवी थरथरायला लागली. आता ती निघाली की अर्धं तळं उडून जाई! उद्या सकाळी वनखात्याच्या मॅडम बोट तपासायला येणार होत्या. बोट अशीच थरथरली तर परवानगी मिळणार नव्हती. आणि परवानगी नाही तर काका टिटवी विकून पुन्हा कोकणात जाणार होता. तेरा वर्षांच्या गुंजनला रात्री झोप लागत नव्हती ती त्यामुळेच.

मिस्तरी मुन्नालाल काळाकुट्ट चेहरा घेऊन इंजिनातून वर आला. "देखो प्रफुलभाऊ, रबर बदला, नोझल बदला, सब बदला. अब तो मैं ही बदलना बाकी हूँ!"

काकाने बादलीला लाथ मारली. बादली घरंगळत गेली. "आठ दिवस झाले! आठ!"

"काका," गुंजन हळूच म्हणाली, "पाण्यातला, बोट ढकलणारा पंखा पाह्यला का?"

"पंखा ठीक आहे!" काका एवढ्या झटक्यात बोलला की गोंदियाहून आलेली मावसबहीण टीना दचकलीच. "नवाकोरा रंग आहे त्याले. लहान पोट्ट्यायनं मोठ्यायच्या कामात डोकं घालू नोको! मी मुन्नालालला सौंदडले गाडीवर सोडून येतो, इंजनाखालचं नवं रबरही आणतो. तोवर कोणी इंजिनाले हात लावाचा नाही. समजलं?"

गाडी फटफटत गेली. गुंजन काठावरून पाण्यात पाहत राहिली. टिटवीचं ढुंगण उथळात होतं, आणि स्वच्छ पाण्यात तिचा तीन पात्यांचा पंखा निळाशार दिसत होता.

"हिमांशू, ट्रकवरून उतरवला तवा पंखा कसा होता?"

"पिवळा! पितळेचा! मी त्यात तोंड पाह्यलं होतं."

"मंग एवढा झळझळीत पंखा कोणी रंगवते कायले?"

"क्या पता यार," टीना वैतागली. "बडे लोग हमारी सुनते कहाँ हैं!"

तिघं पाय ओढत घरी आली. अंगणात माय धान उडवत होती. विजेचा मोठा पंखा घूं घूं करत होता, आणि ती सुपातून धार सोडत गात होती,

"ये रे वाऱ्या दारात, बस सुपाच्या काठी,
कोंडा घे तू उडाया, दाणा लेकरांसाठी."

तेवढ्यात पंखा खडखड हादरला आणि कपासारखाच चालायला लागला!

"मोटर गेली!" हिमांशू ओरडला.

"चूप रे! मोटरले काही होत नाही." मायने बटण बंद केलं. पातं बोटाने अलगद फिरवलं, सोडलं. ते डोलत खाली येऊन थांबलं. पुन्हा फिरवलं. तेच पातं पुन्हा खाली. मायने त्याच्या मागे हात घातला, तर कुंभारमाशीने बांधलेलं मातीचं घर! तिने ते खरवडून टाकलं आणि पंखा पुन्हा शहाण्यासारखा फिरू लागला.

"मशीन रडली की सारे मोटरच्याच मांगं लागतेत," माय म्हणाली. "पात्याले कोणी विचारतच नाही."

गुंजनचे डोळे चमकले. "टीना! एक वाटी घे. पळा!"

टिटवीवर राखण करायला म्हातारा बकारामआजा बसला होता. सारा जन्म या तळ्यात मासे धरण्यात गेलेला.

"आजा, आमाले फक्त शीड लावून एक चक्कर मारायची आहे. तूही चल ना गा!"

आजाने मिशीत हसून विचार केला. "प्रफुल म्हणे, इंजनाले हात नोको. शिडाचं तं तो काही बोलला नाही बाप्पा!"

केशरी जाकिटं चढली. शीड वाऱ्याने फुगलं आणि टिटवी मुकाट पाणी कापत निघाली. गुंजनने वाटीत पाणी भरून इंजिनाच्या पेटीवर ठेवलं.

वाटीतल्या पाण्यात बारीक बारीक वर्तुळं उठली!

"इंजन तो सो रहा है!" टीना किंचाळली.

"पण पंखा जागा आहे," गुंजन म्हणाली. "मागं पळणारं पाणी त्याले फिरवून राहिलं. आता मी गिअर टाकते, म्हणजे पंखा अडकून बसन."

"गिअर म्हंजे इंजनच ना?" हिमांशूने शंका काढली.

"गिअर म्हणजे दांडा. गप बस!"

खट्! वाटीतलं पाणी आरशासारखं झालं. गिअर काढला, वर्तुळं. टाकला, आरसा. पाच वेळा केलं, पाचही वेळा तेच!

काठाला लागताच गुंजन कमरेइतक्या पाण्यात उतरली आणि पंख्यावरून हात फिरवला. दोन पाती गुळगुळीत. तिसऱ्याच्या टोकाला मात्र रंगाखाली जाड, खडबडीत वण होता, भरून आलेल्या जखमेसारखा.

"इथं काय चाललं आहे?" गाडी लावून काका तरातरा आला. "सांगतलं होतं ना..."

"काका, ह्या पात्याले टाके कोणी घातले?"

 काकाच्या हातातलं रबर खाली पडलं. तो काठावर बसला.

"उन्हाळ्यात पाणी उतरलं होतं," तो म्हणाला. "मी घरी आलेल्या पाहुण्यायले ऐट दाखवत होतो, का तळ्यातला दगड न् दगड ओळखतो म्हणून! आन् बुडालेल्या खोडावर पंखा आपटला. टोक तुटलं. सौंदडच्या दुलीचंदकडून, तुटके थ्रेशर वेल्डिंग करून देते त्याच्याकडून घाईघाईनं जोडून आणलं, वरतून रंग मारला."

"मुन्नालालला काऊन नाही सांगतलं?"

"लाज वाटली, पोरी."

"मंग आठ दिवस बिचारं इंजन फुकटात मार खाऊन राहिलं!" हिमांशू म्हणाला. बकारामआजा एवढा हसला की त्याला ठसका लागला.

पंखा काढून अंगणात आणला. मायने दोन विळे धार वर करून लाकडी ठोकळ्यांत घट्ट रोवले. पंख्याच्या भोकातून सरळ सळई घालून तिची टोकं विळ्यांवर टेकवली. पंखा डोलला आणि टाके घातलेलं पातं धपकन खाली!

काका कानसेने घासू लागला. घासलं, पाहिलं, पातं खालीच. पुन्हा घासलं, खालीच. काका चिडून जोरात घासायला लागला, तर आता दुसरंच पातं खाली आलं!

"अरे देवा!" टीनाने कपाळाला हात लावला.

"जळली पोळी परत कच्ची होत नाही, भाऊजी," माय म्हणाली. "द्या गुंजनजवळ. तिचा हात हलका आहे."

चार वेळा घासायचं, एकदा पाहायचं. या पात्याचं थोडं, त्या पात्याचं थोडं. बोटं दुखली, डोळ्यांत पाणी आलं, दोनदा तर तिला कानस तळ्यात फेकून द्यावीशी वाटली. दिवे लागायच्या वेळी तिने पंखा फिरवला आणि सोडला. तो जिथे सोडला तिथेच राहिला. पुन्हा फिरवला. तिथेच! जणू आता त्याला कुठेच जायची ओढ उरली नव्हती.

पहाटे काकाने पंखा पुन्हा टिटवीला बसवला. सकाळी मॅडम आल्या, पोरांसोबत टिटवीत बसल्या. मायने घरातला शेवटचा धड कप भरून इंजिनाच्या पेटीवर ठेवला. काकाने इंजिन चालू केलं, गिअर टाकला. टिटवी निघाली. गुंजनने कपावर डोळे रोखले. कप जागचा हलला नाही!

मध्यावर काकाने इंजिन बंद केलं, शीड उभारलं. बदकांनी माना वळवून पाहिलं आणि पुन्हा पोहू लागली. एकही उडालं नाही.

"मला तर सांगितलं होतं, बोट फार थरथरते," मॅडम कागदावर सही करत म्हणाल्या. "इंजिन कोणी दुरुस्त केलं?"

काकाने एकदा पाण्याकडे पाहिलं, एकदा पोरांकडे.

"इंजिन बिघडलंच नव्हतं, मॅडम. मीच बिघडलो होतो. दुरुस्ती या तिघायनं केली. आन् आमच्या वहिनीनं."

"शाबास!" मॅडमनी गुंजनच्या पाठीवर थाप मारली. "मग तुमच्या बोटीत पहिली पाहुणी मीच."

सुकाणूवर बसलेल्या बकारामआजाने ते गुंजनच्या हातात दिलं. बोलण्याच्या नादात कपातल्या चहाची कुणालाच आठवण राहिली नाही. तो निवून गार झाला होता, वर जाड साय धरली होती, आणि त्या सायीवर एकही सुरकुती नव्हती.