एक, तीन, चार, दोन

वडिलांच्या गॅरेजचं शटर चिझुरूने सहा महिन्यांनी उघडलं, ते तेरा ऑगस्टला सकाळी. हामादा बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावरचं शेवटचं गॅरेज. आत तेलाचा आणि खाऱ्या हवेचा वास. स्टँडवर त्यांच्या पहिल्या गाडीचं इंजिन, १९६८ सालचं, चार सिलिंडरचं, दोघांना सहज उचलता येईल एवढंच. फेब्रुवारीत, वारण्याआधीच्या आठवड्यात, त्यांनी त्याचं हेड, सिलिंडरांवरचं झाकण, उतरवलं होतं. चारही पिस्टन घासून लख्ख केले होते, वर्तमानपत्रात गुंडाळले होते आणि पुड्यांवर पेन्सिलीने आकडे घालून फळीवर ओळीने मांडले होते. एक, तीन, चार, दोन. सिलिंडर ज्या क्रमाने पेट घेतात तो क्रम.

चिझुरू आकडे असेच शिकली होती. शाळेच्या पायऱ्या ती तशाच मोजायची आणि पोरं हसायची. रडत घरी आली की वडील लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक तिच्या छातीला लावत, मूठ आपल्या कानाला, इंजिन ऐकावं तसं. "बरोबर चाललंय," म्हणत. "एक, तीन, चार, दोन. माझीच पोर."

त्यांच्यामागचा हा पहिला ओबोन, पितर घरी येतात ते चार दिवस. पितरांना लवकर येता यावं म्हणून काकडीचा घोडा करायचा, सावकाश परत जावं म्हणून वांग्याचा बैल. तिने फोटोपुढे घोडा ठेवला. वांगं टोपलीतच राहू दिलं.

दुपारी शेजारच्या मासुए काकू कलिंगड घेऊन आल्या. इंजिन कोणाला चालवायला दिलंस, म्हणाल्या. सकाळपासून एका पायावर लंगडतंय. चिझुरूने त्यांना आत नेऊन चार रिकामी भोकं दाखवली.

"मग माझे कान गेले म्हणायचे," काकू म्हणाल्या. पण बसल्या नाहीत.

त्या गेल्यावर तिने एक नंबरची पुडी सोडली. पिस्टनचा माथा काजळीने काळा झाला होता, आणि तो हाताला ऊन लागला. वर पत्रा तापलाय, तिने स्वतःला समजावलं. बाकीचे तीन थंड होते.

चौदाला तीन नंबर काळा झाला. पंधराला चार.

पत्र्याच्या उन्हाला क्रम ठाऊक नसतो. त्या दुपारी तिलाही ऐकू आलं: तीन ठोके आणि एक खाच, तीन ठोके आणि एक खाच. ती भाताचा वाडगा घेऊन वडिलांच्या स्टुलावर बसली आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवली.

सोळाला संध्याकाळी निरोपाचा विस्तव पेटवायचा असतो. काकू बैल बघायला आल्या. केला नाही, ती म्हणाली.

"अगं, अडवलं म्हणून कोणी थांबतं का? आमचे हे तर जिवंतपणी थांबले नाहीत." मग त्यांनी आवाज उतरवला. "बैल ठेवला नाही, तर मिळेल ते वाहन घेऊन जातात, बाई."

काकू गेल्यावर चिझुरूने दोन नंबरची पुडी उचलली, रुमालात घट्ट बांधली आणि सदऱ्याच्या आत छातीशी धरली.

दारोदार विस्तव लागले. तिच्या दारात अंधार होता.

गॅरेजमध्ये आवाज सुरू झाला. एक, तीन, चार. खाच. एक, तीन, चार. खाच.

"राहा ना, बाबा," ती म्हणाली.

आवाज क्षणभर अडखळला.

मग खाच भरली.

चारही ठोके गुळगुळीत वाजू लागले. दारावरून गेले. बंदराच्या वळणावर वेग कमी झाला, वडील नेहमी करत तसा. मग काही उरलं नाही.

तिने रुमाल सोडला. दोन नंबरचा पिस्टन लख्ख होता. थंड.

इंजिन स्टँडवरच होतं, उघडं. खिळ्यावरचा स्क्रू ड्रायव्हर तिने काढला, टोक छातीला लावलं, मूठ कानाला.

एक. तीन. चार.

ती दोनची वाट बघत राहिली.

एक. तीन. चार.