काळं इंजिन, निळी सोंगटी

"अक्का, इंजिन चोरीला गेलं!" दातांचे डॉक्टर दारातूनच ओरडले.

"रेल्वेला कळवलंत का?" वकीलसाहेबांनी पेपरातून डोकं न काढता विचारलं.

अक्का खासगी तपास करायच्या आणि त्यांचे यजमान वकीलसाहेब हमखास चुकीच्या माणसावर संशय घ्यायचे. त्यामुळे एक नाव तरी आपोआप कमी व्हायचं.

डॉक्टरांच्या घरी दर रविवारी आगगाडीच्या पटाचा डाव रंगायचा. यंदा हौसेनं त्यांनी लाकडी सोंगट्या काढून चिमुकली इंजिनं बनवली होती. धुराडं, कठडे, चाकांचे दांडे, काही म्हणता काही सोडलं नव्हतं. चारही एकाच साच्यातली, रंग तेवढे वेगळे. काल त्या इंजिनांचा पहिला डाव मांडला, तो अर्धा राहिला आणि सकाळी पाहतात तर काळं इंजिन गायब!

"शेजारच्या शिंपीकाकांनी काल खेळताना एक मागितलं होतं. आज डाव पुरा करायला येतील, तेव्हा दारातच विचारतो!"

"आणि त्यांनी घेतलं नसेल तर?" अक्कांनी विचारलं.

डॉक्टर खुर्चीत टेकले. इतक्या वर्षांचा डाव दारातल्या त्या एका प्रश्नानं मोडला असता.

अक्कांनी डॉक्टरांच्या घरी जाऊन पट पाहिला. एका स्टेशनात निळं इंजिन उभं होतं. त्याला खेटून, काळ्याच्या जागी, कुणीतरी जुनी लाकडी सोंगटी ठेवली होती. तीही निळीच. तिची एक कड कुरतडलेली होती.

"लहानपणी माझ्या दादानं चावली," डॉक्टर म्हणाले. "तो कायम निळाच घेतो."

डॉक्टरांच्या बायकोला हसू आवरेना. "काळं माझं हो! काल दादांनी दोनदा माझंच इंजिन पुढे ढकललं. लबाडी करता म्हणून मी केवढं चिडवलं त्यांना!"

शेजारच्या दुकानात शिंपीकाका कापड बेतत होते. "मागितलं की, सगळ्यांदेखत! लाल, माझं स्वतःचं. काळं कशाला मागू?"

"फार सरळ बोलतो. हाच चोर," वकीलसाहेब कुजबुजले.

दादा, म्हणजे डॉक्टरांचे थोरले भाऊ, घरी आरामखुर्चीत होते. अक्कांनी ती सोंगटी त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी खाली पाहिलंच नाही, नुसता कडेवरून अंगठा फिरवला.

"माझी आहे ही," ते म्हणाले.

"आणि नवी इंजिनं कशी वाटली?"

"छान. धाकट्यानं जीव ओतलाय."

अक्कांनी डॉक्टर आणि त्यांच्या बायकोला तिथेच बोलावून घेतलं.

"इंजिन काळं गेलं, पण जागेवर सोंगटी आली निळी. म्हणजे नेणाऱ्याला निळंच न्यायचं होतं. जुनी सोंगटी त्यानं बरोबर ओळखली, नवं इंजिन ओळखताना मात्र चुकला. सोंगटीला चावलेली कड आहे. इंजिनं एकाच साच्यातली, हाताला सारखीच लागतात. फरक फक्त रंगाचा, आणि तो त्याला दिसत नाही. कालही त्यानं काळंच ढकललं होतं. ती लबाडी नव्हती. आणि निळं इंजिन हवं कुणाला? ज्याचं आहे त्याला."

दादांनी खिशातून काळं इंजिन काढलं. सोबत एक कानस निघाली.

"कडेला एक खाच पाडणार होतो, म्हणजे बोटांना कळलं असतं. सकाळी काळं गेल्याचा आरडाओरडा झाला आणि लाजच वाटली रे. मोतीबिंदू आहे. ऑपरेशनची भीती वाटते. आणि दिसत नाही म्हटलं तर तुम्ही मला डावात घेणार नाही."

डॉक्टर दादांच्या खुर्चीपाशी बसले. "मी इंजिनं नटवत बसलो आणि तुझा डाव तुझ्या हातून काढून घेतला. रोज लोकांच्या तोंडात डोकावतो, पण तुझ्याकडे कधी नीट बघितलं नाही."

तेवढ्यात शिंपीकाका आले. डॉक्टर दाराकडे वळले, पण दादाच आधी बोलले.

"शिंपीबुवा, इंजिन मी नेलं होतं. मला नीट दिसत नाही."

काका दार लोटून घेत हळूच म्हणाले, "कुठे बोलू नका हं. वर्षभर सुईत दोरा बायको ओवून देतेय. तुम्ही जाणार असाल, तर मीही येतो डोळे दाखवायला."

"पण तपासायला आधी तुम्ही आत जायचं, शिंपीबुवा," दादा म्हणाले.